शिवप्पा आणि उसाखालची लाल पट्टी

शिवप्पाला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो माझ्या ट्रॉलीच्या मागं डांबरी रस्त्यावर उकिडवा बसला होता. डोक्यात हेल्मेट, हेल्मेटखाली मफलर. हिवाळा होता, झुंजूमुंजू व्हायचं होतं. उसानं भरलेल्या ट्रॉलीचं टायर बसलं म्हणून मी गाडी हायवेच्या कडेला लावली होती आणि पाचट पेटवून शेकत होतो. मला वाटलं, ह्याला परसाकडंची घाई झाली असंल. मी दोन शिव्या दिल्या. तो उठला नाही. म्हणाला, "शिव्या मागनं द्या. आधी इथं माझ्याशेजारी बसा आन् काय दिसतंय ते सांगा."

मी बसलो. काही दिसत नव्हतं. काळपट असं काहीतरी उभं होतं, तो माझाच ऊस. शिवप्पा म्हणाला, मोटरसायकलच्या दिव्याची उंची एवढीच असते, आणि ह्या उंचीवरनं तुमची ट्रॉली म्हणजे रस्त्याचाच तुकडा वाटतो. मग त्यानं जॅक लावायला हात दिला. चाकामागं लावलेले दगड आम्ही सगळे रस्त्यातच टाकून निघून जातो. त्यानं ते उचलले आणि रस्त्याकडच्या चारीत टाकले. तेवढ्या वेळात त्याच्या दुधाला उशीर झाला. मी तसं बोललो तर म्हणाला, "होगली."

होगली म्हणजे कानडीत जाऊ द्या. त्याच्या घरात कानडी बोलायचे. दूध नासलं तरी होगली, डेअरीवाल्यानं फॅट कमी लावली तरी होगली. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या चार गावांतनं तो दूध गोळा करायचा आणि मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून उमरग्याला घालायचा. त्या चारांतलं एक माझ्या बायकोचं माहेर निघालं. शेवंता माझ्या बायकोचं नाव. तेव्हापासून ती त्याची अक्का झाली, तो तिचा अण्णा आणि मी दाजी. दाजी झालो म्हणजे त्याला माझी टिंगल करायचा परवानाच मिळाला. आमच्या ओट्यावर चहा पिताना तो शेवंताला म्हणायचा, अक्का, दाजींच्या ट्रॉलीला तोंड हाय, ढुंगण न्हाय. शेवंता तोंडाला पदर लावून हसायची. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

त्याचं म्हणणं काय होतं ते नीट सांगतो. ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी चौकटीला उजेडात चमकणाऱ्या लाल पट्ट्या लागतात. तसा कायदाच आहे. पासिंगला नेतो तेव्हा ट्रॉली रिकामी असते. साहेब पट्ट्या बघतो, शिक्का मारतो. हंगाम लागला की आम्ही ऊस असा भरतो की तो दोन हात मागं लोंबतो, आणि शेंडे त्या पट्ट्यांच्या पार खाली येतात. पट्टी आहे, पण उसाच्या आत. कुणी टोकलंच तर आम्ही मोळीला लाल फडकं बांधायचो. माझ्या ट्रॉलीला शेवंताच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असायचा. अंधारात लाल फडकं आणि काळं फडकं सारखंच, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. कायद्याला फडकं दाखवलं की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका साली डेअरीवर कुणीतरी पेपर वाचून दाखवला. सरकार गाड्यांच्या नियमात बदल करणार आहे, लोकांनी हरकती आणि सूचना द्याव्यात, आमदारांची एक समिती धाराशिवला येऊन ऐकून घेणार आहे. दूधवाले हसले. त्यांना एकच हरकत द्यायची होती, हेल्मेटची सक्ती नको. शिवप्पानं त्यांना तिथंच झाडलं. म्हणाला, ट्रॉलीवाल्यांकडं लाल पट्टी मागायला जायचं आणि आपली डोकी उघडी ठेवून जायचं, तर ते आपल्याला दारात उभं करतील का. त्याचं एक वाक्य सगळ्या भागात फिरलं. "डोकं माझं मी झाकतो. ढुंगण तुमचं तुम्ही दाखवा." लोक हसत हसत ते बोलायचे, आणि बोलता बोलता सात-आठ दूधवाल्यांनी हेल्मेटं घेतली.

वहीच्या कागदावर त्यानं अर्ज लिहिला. मोटरसायकलवर फिरणाऱ्यांच्या सह्या घेतल्या. दूधवाले, एक मास्तर, दवाखान्यातली नर्सबाई, भाजी विकणारे. अर्जात मागणं एकच होतं. लाल पट्टी गाडीला नको, मालाला पाहिजे. ऊस भरून झाला की सगळ्यात शेवटी, सगळ्यात मागं, दोरीनं एक फळी लटकवायची आणि त्या फळीला पट्ट्या. त्यानं तशी फळी करून माझ्या ट्रॉलीला लावूनही दाखवली. अंधार पडल्यावर मी स्वतः त्याच्या मोटरसायकलवरनं लांबून बघितलं. लालभडक दिसत होतं.

पण अर्जावर सह्या होत्या त्या सगळ्या मोटरसायकलवाल्यांच्या. तो म्हणाला, आमी कितीबी वरडलो तरी ते म्हणतील ह्यांना गाडी हाणता येत न्हाय. ट्रॉलीवाल्या एका माणसानं उठून सांगितलं पाहिजे की पट्टी उसाखाली जाती. दाजी, तुम्ही सांगा. मी हो म्हणालो. शेवंतासमोर म्हणालो.

धाराशिवला आम्ही त्याच्याच मोटरसायकलवर गेलो. माझ्यासाठी त्यानं पुतण्याचं हेल्मेट आणलं होतं. अणदूरला थांबून खंडोबाला हात जोडले. वाटेत तो मला शिकवत होता, लांबण लावू नका, साहेब विचारंल तेवढंच सांगा, खरं सांगायला किती वेळ लागतो.

हॉल भरला होता. शिवप्पा बोलला तेव्हा आमदार मान हलवत ऐकत होते. मग त्यानं माझ्याकडं हात केला. मी उठलो आणि माझी नजर मागं गेली. मागच्या दोन रांगांत आमच्या भागातले ट्रॉलीवाले बसले होते. त्यांच्याबरोबर मी कारखान्याच्या यार्डात नंबर लावून रात्रंदिवस काढलेले, एका भाकरीतले तुकडे खाल्लेले. मला कुणी दम दिला नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं बरीच वर्षं मी मला दम दिला होता असं लोकांना सांगत फिरलो. ते फक्त बघत होते. मला वाटलं, उद्या हे माझ्याशी बोलणार नाहीत.

आमदारांनी विचारलं, तुमच्या ट्रॉलीची पट्टी ऊस भरल्यावर झाकली जाते का?

मी म्हणालो, "न्हाय साहेब. दिसतंय की."

मागनं कुणीतरी खाकरलं, कुणीतरी बरं झालं म्हणालं. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. मी खाली बसलो. शिवप्पा उभाच होता. थोड्या वेळानं त्यानं अर्ज पुढं टेबलावर ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. दुसरीकडं जागा होती, तरी माझ्याशेजारीच बसला.

परतीला मला एसटीनं यायला पाहिजे होतं. तेवढीही हिंमत झाली नाही. त्यानं नळदुर्गला चहाला गाडी थांबवली, दोन चहा सांगितले, माझ्या चहात साखर जास्त टाकायला सांगितली, कारण मला गोड लागतो हे त्याला माहीत होतं. मी वाट बघत होतो की आता तो होगली म्हणेल. दूध नासल्यावर म्हणायचा, मग आज का नाही म्हणणार. तो म्हणाला नाही. मीच म्हणालो, शिवप्पा, ते मागं बसले होते रे. तो पेला खाली ठेवून गाडीकडं गेला, किक मारली. मी मागं बसलो. तो मान वळवून एवढंच म्हणाला, "पट्टा लावा, दाजी."

हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीखाली लोंबत होता. मला लावता येईना. त्यानं गाडी स्टँडला लावली, उतरला आणि माझा पट्टा स्वतः लावला.

घरी आल्यावर शेवंतानं विचारलं. मी सांगितलं. ती भाकरी करत होती, ती करतच राहिली. मग म्हणाली, "तुमाला तेवढं एक वाक्य जड झालं का?" पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पण फडक्यासाठी जुनं लुगडं मागितलं तेव्हा तिनं दिलं नाही. जळालं म्हणाली. पेटीत होतं, मला माहीत होतं.

शिवप्पा दूध घालून परतताना आमच्याकडं येत राहिला. चहा घ्यायचा, अक्काशी माहेरच्या गप्पा मारायचा. मला दाजीच म्हणायचा. फक्त माझी टिंगल करायचं त्यानं सोडून दिलं. ज्याला हे झालेलं नाही त्याला वाटेल, बरंच झालं की. मला विचारा. पुढं नियम आला तो पहिल्यासारखाच आला. पट्टी गाडीच्या मागच्या बाजूला. तो कागद शिवप्पानं डेअरीवर मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे आणि घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉल्यांपाशी थांबून तो शेंडे हातानं वर सारायचा, पट्टी उघडी करायचा. भरल्या कॅनांची गाडी स्टँडवर लावायची, उतरायचं, शेंडे सारायचे, परत निघायचं. पुढच्या खड्ड्याला शेंडे परत खाली यायचे. लोक त्याला वेडा म्हणायचे. मीही त्यांच्यात बसून हसलो आहे एकदा. तेही लिहून टाकतो.

दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला. सकाळचं धुकं होतं. माकणीच्या अंगानं आलेली एक ट्रॉली एक्सल तुटून हायवेवर उभी होती. मला कळलं तेव्हा मी पायात चपला न घालता गेलो. त्याच्या डोक्यात हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. छाती गेली होती. कायद्यातलं त्याच्या वाटणीचं त्यानं सगळं पाळलं होतं.

त्याला बाहेर काढण्यासाठी मागचा ऊस उतरवावा लागला. ऊस उतरल्यावर पट्ट्या दिसायला लागल्या. पोलीस त्यानंतर आले. त्यांनी बॅटरी मारली, पट्ट्या चमकल्या, त्यांनी लिहून घेतलं की ट्रॉलीला नियमाप्रमाणं पट्ट्या आहेत, दूधवाला वेगात होता. तेव्हा मी पुढं झालो. म्हणालो, साहेब, ह्या पट्ट्या उसाखाली होत्या, आत्ता दिसायला लागल्या. पोलिसानं लिहायचं थांबवलं. ट्रॉलीचा मालक तिथंच होता, माझ्या ओळखीचा, धाराशिवला मागच्या रांगेत बसलेला. तो भांडला नाही. हळूच म्हणाला, "मामा, आमदारांपुढं तुमीच सांगितलं की दिसतंय म्हणून. आता कसं हो?"

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी मागं सरलो. त्यानं पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

लिंगायत रीतीनं शिवप्पाला बसवून माती दिली. शेवंता आत गेली होती. मी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. त्याच्या बायकोनं मला आत बोलावलं, कारण तिला काही माहीत नव्हतं. त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी मी धाराशिवला जाऊन तिच्या नवऱ्याच्या बाजूनं बोललेला माणूस होतो. माती टाकताना ती मला म्हणाली, दाजी, तुमी लई केलं त्यांच्यासाठी. मी ते ऐकून घेतलं. आजवर तिला खरं सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर तिच्या पोरी वाचतील.

शेवंता गेल्या साली गेली, पोटाच्या दुखण्यानं. शेवटी शेवटी ती थोडंच बोलायची. एकदा पाणी पाजताना म्हणाली, अण्णाचं तेवढं राहिलं. मी म्हणालो, काय राहिलं? तिनं तोंड भिंतीकडं केलं. मला माहीत असताना मी विचारलं, म्हणून केलं असणार.

ह्या साली पुन्हा नियम बदलणार म्हणून हरकती-सूचना मागवल्या आहेत, असं डेअरीवर ऐकलं. ट्रॅक्टर मी विकला आहे. चौथीपर्यंत शिकलेलो, अर्ज लिहायला चार दिवस लागले. एसटीनं धाराशिवला गेलो. कचेरीत एक पोरगी कागद घेत होती, हुशार वाटली. तिनं माझा अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "आजोबा, ही हरकत हाय का सूचना?"

मी म्हणालो, "दोन्ही न्हाय. साक्ष हाय. मागं खोटी दिली होती, ती बदलायची हाय."

ती म्हणाली, तसा रकाना नाही. वर कुणाला तरी विचारून आली. मग म्हणाली, सूचनेत घालते, चालेल का? मी म्हणालो, घाला, पण मी लिहिलंय त्यातला एक शब्द काढू नका. तिनं माझ्यासमोर शिक्का मारला आणि एक प्रत पोच म्हणून माझ्या हातात दिली.

दिवस मावळताना घरी आलो. दिवा लावला. पोच सदऱ्याच्या खिशातनं काढली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन उभा राहिलो. दाखवायला घरात कुणी नव्हतं.