असे कोणाला समजते?

दीनाबाई भिंगारदिवे रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली उतरे. श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या शाळेत शिकलेल्या मुलांच्या दोन पिढ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. बाई ओरडत असल्या तर काळजी नको, बाई हळू बोलायला लागल्या की मान खाली घालायची.

वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते. संध्याकाळी ओट्यावर बसवून ते लेकीकडून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घ्यायचे. त्या इंग्रजीची गोडी दीनाबाईंना आयुष्यभर पुरली. दहावीच्या वर्गात बातमीलेखन शिकवायला घेतलं की त्या खुलायच्या. "आपण स्वतः पाहिलेलं नसतं, पण सांगायचं असतं," त्या फळ्यावर लिहीत म्हणायच्या, "तेव्हा अशी सुरुवात करा. इट इज लर्न्ट दॅट. इट इज बिलीव्ह्ड दॅट. असे समजते की, असे मानले जाते की. वाक्याला कसा रुबाब येतो बघा." पोरंही चेव आल्यासारखी लिहायची. गावातली म्हैस हरवली तरी 'इट इज रिपोर्टेड दॅट'.

शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुली तिथं राहायच्या. त्यांचं सगळं राहीबाई बघायच्या. त्या मूळच्या खर्ड्याकडच्या, नवरा गेल्यावर इकडे आलेल्या. वेणीफणीपासून तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. वसतिगृहाला पुण्याची एक संस्था मदत करायची, आणि त्या संस्थेला अहवाल इंग्रजीतून लागायचा. तो अहवाल दरवेळी दीनाबाईच लिहायच्या.

दिवाळीची सुट्टी संपून मुली परतल्या त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दीनाबाई वसतिगृहाच्या ओसरीवर दहावीच्या मुलींचा जादा तास घेत होत्या. शाळेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा पुतण्या बजरंग टेम्पोतून धान्याची पोती घेऊन आला. पोती उतरवून झाली तरी तो जाईना. "पाण्याची टाकी बघून येतो," म्हणून मागच्या बाजूला निघाला. मागं मुलींच्या मोऱ्या होत्या, आणि मुली अंघोळीला गेलेल्या. राहीबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"टाकी सकाळी बघा. आता पोरी हायत तिकडं."

"मला अडवतेस व्हय? कुनाचं खातीस ठाऊक हाय का?"

"कुनाचंबी खात आसंन. फाटकाच्या भाईर व्हा."

तो हसला आणि आणखी एक पाऊल पुढं आला. तेव्हा राहीबाईंनी असा काही आवाज टाकला, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बजरंग शिव्या देत टेम्पोत बसला. राहीबाईंनी फाटकाला कुलूप घातलं. दीनाबाईंनी हे सगळं ओसरीवरून पाहिलं होतं. राहीबाईंच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "बरं केलंत."

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांनी त्यांना बोलावलं. कागदावर मराठीत चार ओळी होत्या. राहीबाई मुलींना मारते. उपाशी ठेवते. तिचे वर्तन संशयास्पद आहे. सबब तिला काढण्यात यावे.

"पुण्याला पाठवायचंय," सर म्हणाले. "तुमच्या इंग्रजीत जरा नीट बसवून द्या."

दीनाबाईंनी ते पुन्हा वाचलं. "हे कोण म्हणतं?"

"तक्रार आहे."

"कुणाची?"

"बाई, नावं कशाला हवीत? तुम्हीच शिकवता ना मुलांना? इट इज लर्न्ट दॅट. तसं घाला की. सभ्यही दिसतं, कुणाचं नावही येत नाही."

कानशिलात बसावी तसं ते वाक्य दीनाबाईंना बसलं. त्यांचा आवाज खाली आला.

"वर्तन संशयास्पद म्हणजे काय, सर? संशय कुणाला आला? कधी आला? तिनं बजरंगला फाटकातून बाहेर काढलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला काढलं म्हणूनच हा संशय आला का?"

सर पंख्याकडे बघत राहिले. "मला आप्पासाहेबांनी सांगितलं. त्यांना विचारा."

दीनाबाई तडक आप्पासाहेबांकडे गेल्या. ते अंगणात चहा पीत होते. "मला कशाला विचारता मॅडम? मुख्याध्यापकांनीच कानावर घातलं," ते सावकाश म्हणाले. "गावातपन चर्चा हाय."

"गावात कोण बोलतं? एक नाव सांगा. मी आत्ता त्याच्या दारात जाते."

"चर्चेला काय नाव आसतंय का?"

परतीच्या वाटेवर दीनाबाई स्वतःशीच बोलत होत्या. याला विचारावं तर तो म्हणतो त्यानं सांगितलं, त्याला विचारावं तर तो म्हणतो यानं. एका बाईची अब्रू दोघांच्या मध्ये चेंडूसारखी उडतेय, आणि फेकणारा हात कुणाचाच नाही. वसतिगृहात पोचल्या तेव्हा राहीबाई तांदूळ निवडत होत्या. सांगावं की नाही, असं एक क्षण वाटलं. पण हे राहीबाईंच्या पाठीमागंच जर आपणही ठेवलं, तर आपल्यात आणि त्या दोघांत काय फरक? त्यांनी कागद वाचून दाखवला.

मारते, उपाशी ठेवते, एवढं राहीबाईंनी खाली मान घालून ऐकलं. तिसऱ्या ओळीला त्यांचा हात थांबला.

"म्हंजी मी वंगाळ हाय आसं लिवलंय?"

"तसंच लिहिलंय."

"कोन म्हनलं?"

राहीबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "तोंडावर म्हनला आस्ता तर म्या त्याला दावलं आस्तं. ह्यो कागद म्हनतोय. कागदाच्या काय थोबाडीत मारू?"

घरी फिलिपनं ऐकून घेतलं. नवरा सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "रिटायरमेंट तोंडावर आलीय," तो म्हणाला. "लिहायचं नसेल तर नको लिहूस. आजारी पड चार दिवस. दुसरं कुणी लिहील."

"म्हणजे अन्याय झाला तरी चालेल, माझ्या अक्षरात नको. असंच ना?"

फिलिपवर चिडून उपयोग नव्हता, पण त्या चिडल्याच. ताटावरून उठल्या आणि लिहायला बसल्या. त्यांनी अहवाल लिहिला खरा, पण प्रत्येक वाक्याला कर्ता घातला. मुख्याध्यापक म्हणतात की अध्यक्षांनी सांगितले. अध्यक्ष म्हणतात की मुख्याध्यापकांनी सांगितले. मारल्याचे दोघांपैकी एकानेही पाहिलेले नाही. शेवटी, मी स्वतः पाहिले, असं म्हणून फाटकावरची हकीकत.

सकाळी राधाकृष्ण सरांनी तो वाचला आणि टेबलावर आपटला. "हे पाठवू मी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मग खिशातला मोबाईल काढला. मराठीतल्या चार ओळी त्याला म्हणून दाखवल्या, आणि दीनाबाईंच्या समोर मोबाईलनं पानभर इंग्रजी लिहून दिलं. चकचकीत, एकही चूक नाही. इट हॅज बीन ब्रॉट टू अवर नोटिस. इट इज वाइडली बिलीव्ह्ड. सर विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा. तुमच्यावाचून काय अडलं?"

राहीबाईंना त्याच दिवशी गाठोडं बांधायला लावलं. मुली फाटकाला धरून रडत होत्या.

दीनाबाईंनी आपला अहवाल स्वतःच्या सहीनं पुण्याला पाठवला. संस्थेच्या सविताताई महिनाभरानं आल्या. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. राहीबाईही आल्या होत्या, दाराजवळ उभ्या. सविताताईंनी सरांनी पाठवलेला चकचकीत कागद समोर धरून विचारलं, "मुलींना मारताना कुणी पाहिलं?"

"लोक म्हनत्यात," आप्पासाहेब म्हणाले.

दीनाबाई उठल्या. हॉल एवढा गप्प होता, की त्यांचं पुटपुटणंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. "लोक म्हणजे कोण? लोकांना आईबापानं नाव ठेवलेलं असतं. मी म्हणते की बजरंग मुलींच्या मोरीकडे निघाला होता. मी, दीना फिलिप भिंगारदिवे. मी पाहिलं. आता तुमच्यापैकी एकानं उभं राहून म्हणावं, राहीबाई वाईट आहे, हे मी म्हणतो. एकानं."

कुणी उठेना. मग दहावीतली मोनिका न विचारताच उभी राहिली. "आमाला राहीमावशीनं कधीच मारलं न्हाई. बजरंगदादा त्याच्या आदीपन दोनदा आल्ता. आमी भिऊन सांगितलं नव्हतं." एवढं बोलून ती खाली बसली.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "ठीक हाय. जरा गैरसमज झाला. येऊ द्या तिला परत."

सविताताईंचं समाधान झाल्यासारखं दिसलं. दीनाबाईंचं डोकं मात्र भणाणलं. "झाला? पाऊस पडतो तसा आपोआप झाला? केला कुणी, ते बोला!" या वेळी त्या ओरडल्या होत्या. आप्पासाहेब चपला घालून चालते झाले.

दीनाबाईंना वाटलं होतं, माफीशिवाय राहीबाई परत पाऊल ठेवणार नाहीत. पण त्या गेल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. दीनाबाई मागोमाग. "असं कसं चालेल, राहीबाई? त्यांनी तोंडानं कबूल तरी करायला पाहिजे!"

"तुमचा राग खरा हाय, बाई," पदर खोचत राहीबाई म्हणाल्या. "पन तेवढ्यापायी मी भाईर बसू? त्या पोरींचं कोन हाय हितं? बजरंग्या आता फिरकायचा न्हाई, मला तेवढं बास."

दीनाबाईंना ते बास नव्हतं. त्या रागानं बाहेर आल्या, आणि राहीबाईंवरही रागावल्या म्हणून स्वतःवर आणखी रागावल्या.

उन्हाळ्यात आदेश आला. प्रशासकीय कारणास्तव आपली बदली खर्डा शाखेत करण्यात येत आहे. दीनाबाई तो घेऊन राधाकृष्ण सरांसमोर उभ्या राहिल्या.

"करण्यात येत आहे. कोण करतंय?"

सरांनी नेहमीप्रमाणे पंख्याकडे पाहिलं. वीज गेलेली होती, पंखा बंद होता.

"मी केली," ते म्हणाले. "आप्पासाहेबांनी सांगितलं, आणि मी केली. सही माझी आहे. मला माझी खुर्ची सांभाळायची होती."

"हेच त्या दिवशी म्हणाला असतात, तर एक बाई महिनाभर तोंड लपवत हिंडली नसती."

दीनाबाईंनी आदेशाची घडी घालून पर्समध्ये टाकली. वाकून नमस्कार नाही, येते म्हणणं नाही. पुढच्या सोमवारी पहाटेच्या एसटीनं त्या जामखेडमार्गे खर्ड्याला निघाल्या. राग कमी झाला नव्हता, आणि तो कमी व्हावा असं त्यांना वाटतही नव्हतं.