वराळ्याची स्कूटर आणि आबांचं कुंकू

स्कूटरची सीट उचलली, आतल्या एमसीबी स्विचच्या खालच्या स्क्रूला बोट लावलं आणि स्क्रू फिरला. हत्याराविना, नुसत्या बोटानं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, शोरूमच्या शेठना नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच.

मी तळेगावात इलेक्ट्रिक स्कूटरच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस बघतो. त्याआधी अर्धं आयुष्य पेट्रोलच्या गाड्यांखाली गेलं. ही स्कूटर होती वराळ्याच्या सुनीताची. ती आंबीच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवते. नवरा संतोष कंपनीत शिफ्टला जातो आणि घरातली बाइक तोच नेतो. म्हणजे स्कूटर बंद तर डबे बंद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुनीता डबे घेऊन निघाली आणि पुलाच्या चढावर स्कूटर मेली. थोड्या वेळानं आपोआप चालू झाली, पुन्हा चढ आला, पुन्हा मेली. त्यानंतर तिनं रिक्षानं डबे नेले. रोज उशीर. शेवटी कॅन्टीनच्या ठेकेदारानं सांगून टाकलं, "ताई, सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी डबे आले तर ठीक. नाहीतर मी दुसरी मेस बघतो."

मी दसऱ्याच्या सुट्टीवर होतो. सुनीतानं स्कूटरचे फोटो शोरूमला पाठवले. शेठनी त्यातला चार्जिंग सॉकेटचा फोटो पाहिला. सॉकेटमध्ये ओलं कुंकू गच्च भरलेलं होतं. मी कामावर परतलो तेव्हा त्यांनी फोटोवरूनच निकाल दिला.

"बॅटरी गेली. ओल आत गेलीय. वॉरंटीत बसणार नाही. नवी घ्यायला सांगा."

"शेठ, मी एकदा घरी जाऊन बघतो," मी म्हणालो.

"बघा. पण सॉकेटात पूजा घातलेली गाडी आपल्या गळ्यात नको."

रविवारी सकाळी मी सुनीताच्या अंगणात पोचलो तेव्हा त्याच पूजेवरून घरात वाजलेलं होतं. ओट्यावर सुनीताचे सासरे बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. मीही म्हणतो.

"आबा, ह्यो काय बैल हाय व्हय?" संतोषचा आवाज चढलेला. "लय येळा सांगितलं, फूल लावा, हार घाला, पण भोकात काय बी कोंबू नगा!"

"कोंबतोय कशाला? जितं खातंय तितं टिळा लावला," आबा म्हणाले. "बैलाला शिंगाला लावतो. हिला शिंगं न्हाईत. त्वांड एवढंच दिसलं."

"नारळाचं पानी बी त्याच तोंडात वतलं!"

"मंग? नुसतं कोरडं खायचं का तिनं?"

सुनीता हसली नाही. ती मला म्हणाली, "सर, बॅटरी नवी घ्यायची म्हटलं तर डब्यांचा धंदा इथंच थांबतो. तुम्ही काय ते खरं सांगा."

मी आधी सॉकेटच घेतलं. कोरडा मऊ ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. घरी हे करायचं तर एवढंच लक्षात ठेवा: पाणी नाही, रॉकेल नाही, पेट्रोल तर मुळीच नाही, आणि चार्जर भिंतीपासून सोडवलेला. लाल पाणी ओघळलं, पितळी पिना चमकल्या. चार्जर लावला. चार्जिंग चालू झालं.

पण मला समाधान नव्हतं. सॉकेटचं काम चार्जिंगपुरतं. गाडी चालताना त्याचा संबंध येत नाही. चार्जिंग होत नाही अशी तर तिची तक्रारच नव्हती. गाडी चढाला मरत होती.

मीटर लावला. बॅटरीचं व्होल्टेज बरोबर. मग मागचं चाक स्टँडवर उचललेलं असताना संतोषला ब्रेक हलका धरून थ्रॉटल द्यायला सांगितलं, म्हणजे मोटरवर ओझं आलं. बॅटरीपाशी व्होल्टेज जागेवर, पण कंट्रोलरपाशी धाडकन खाली. कंट्रोलर म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा हे ठरवणारा डबा. त्याला व्होल्टेज कमी दिसलं की तो गाडी बंद करतो. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. चोरी वाटेत होत होती. शेतातल्या पाइपचा सांधा ढिला असला की विहिरीत पाणी असूनही शेंड्याला धार लागत नाही, तसं.

वाटेत एमसीबी असतो. घरातल्या मेन स्विचचा धाकटा भाऊ. बॅटरीचा प्लग काढला, हातातली अंगठी खिशात टाकली, सीटखाली वाकलो. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आणि तो स्क्रू बोटानं फिरला.

त्या क्षणी मला सगळं आठवलं. दसऱ्याआधी आमच्याकडे सर्व्हिसला झुंबड असते. प्रत्येकाला पूजेला गाडी चकाचक हवी. सुनीताची गाडी माझ्याच हाताखालून गेली होती. वायर तपासायला मीच तो स्क्रू सोडला होता. परत बोटानं बसवला, आता स्क्रूड्रायव्हरनं आवळायचा, तेवढ्यात लोणावळ्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन झाला, सीट बंद केली, गाडी धुवायला पाठवली.

ढिल्या स्क्रूतून सपाटीवर भागतं. चढाला करंट वाढतो, सांधा तापतो, वायर जळते. कुंकवाचा यात काडीचा हात नव्हता.

"सापडलं का, सर?" संतोषनं विचारलं.

"सापडलं," मी म्हणालो आणि कामाला लागलो. जळलेलं टोक कापलं, वायरच्या टोकाला तांब्याची नवी टोपी, म्हणजे लग, दाबून बसवली, पिशवीतला नवा एमसीबी लावला, स्क्रू ड्रायव्हरनं आवळला. मग प्रत्येक वायर ओढून पाहिली. या वेळी फोन वाजला तो मी वाजू दिला.

"आता चढावर घेऊन जा," मी सुनीताला म्हणालो.

"रिकामी नेऊन काय कळणार?" ती म्हणाली. सगळे डबे पाण्यानं भरले, दोन्हीकडे लटकवले, वर संतोषला मागे बसवलं. तो काही बारीक नाही. आबा आणि मी चालत पुलापर्यंत गेलो.

स्कूटर चढाला लागली. जिथं मरत होती तिथं आबांनी माझं मनगट धरलं. ती जागा गेली. अर्धा चढ गेला. वर पोचल्यावर सुनीतानं हॉर्न असा दाबून धरला की पुलावरच्या टेम्पोवाल्यानं गाडी बाजूला घेतली. खाली आली आणि कुणी न सांगता परत वर गेली. संतोष मागून ओरडत होता, "बास की आता, डबं सांडत्यात!"

"चढली की रं!" आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, तुमच्या हाताला यश हाय."

सोमवारी डबे सुट्टीआधी पोचले. ठेकेदारानं मेस बदलली नाही, उलट पुढं शेजारच्या युनिटचंही काम तिला दिलं. शेठना कळवलं, बॅटरी उत्तम आहे, टर्मिनल ढिलं होतं. "कशानं?" त्यांनी विचारलं. "रस्ते बघताय ना," मी म्हणालो. ते खूष झाले. घरी जाऊन दुरुस्ती ही आमच्या शोरूमची सोय तेव्हापासून सुरू झाली आणि ती माझ्या नावावर चालते.

पण त्या रविवारी, चहा पिताना, संतोषनं विचारलं होतं, "कुंकूच ना, सर?"

आबा माझ्याकडे बघत होते.

"सॉकेट भरलं होतं," मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच मी ते निवडलं. आबांनी मान हलवली, "माझंच चुकलं म्हनायचं," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. मी चहा संपवला.

पुढच्या दसऱ्याला सुनीतानं जेवायला बोलावलं. अंगणात ट्रॅक्टर, विळे, कोयते, पंपाचा स्टार्टरसुद्धा टिळा लावून बसलेला. स्कूटर भिंतीकडेला, झेंडूचं एक फूलही नाही.

"आबा, हिची पूजा?"

"नगं बाबा," ते हसले. "सुनेचं पोट हाय तिच्यावर. माझा हात न्हाई लागायचा तिला."

मी पुरणपोळी खाल्ली आणि घरी आलो.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो: सर्व्हिस झाली की सीट तुमच्यासमोर उघडायला लावा आणि प्रत्येक स्क्रूला ड्रायव्हर लागलेला डोळ्यांनी बघा. मेकॅनिक अनुभवी असेल तर जास्तच बघा.

आबांना वाचता येत नाही, तेव्हा हे लिहून माझं काम भागत नाही. वराळ्याला जाऊन, संतोष आणि सुनीतासमोर, त्यांना सांगायचं आहे की गाडी तुमच्या हातानं नाही, माझ्या हातानं बंद पडली होती. एवढं मी त्यांचं देणं लागतो.