चाँदपाशांची भिंत आणि दोन डिस्कचा बॉक्स

शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता लातूरमधल्या एका घरात लग्नाचा व्हिडिओ चौथ्यांदा अडकला. तोच व्हिडिओ पाहायला रविवारी सकाळी औसा तालुक्यातून नऊ माणसं येणार होती.

घर शेख चाँदपाशा यांचं. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी ते औसा, निलंगा भागात लग्नाची शूटिंग करत. त्यांनी शूटिंग केलेली काही गावं भूकंपात पडली. माणसं गेली, घरातले फोटोही गेले. कॅसेट लातूरला होत्या, म्हणून राहिल्या. रविवारच्या पाहुण्यांत सुशीलाबाई होत्या; व्हिडिओ त्यांच्याच लग्नाचा. लग्नानंतर दोन वर्षांनी भूकंपात त्यांचे आई, वडील आणि थोरला भाऊ गेले. तिघांपैकी कोणाचाही फोटो त्यांच्याकडे नव्हता.

माझं काम कोचिंग क्लासचं नेटवर्क सांभाळण्याचं. घरगुती काम सहसा घेत नाही. चाँदपाशांचा मुलगा इरफान याचं मोबाइलचं दुकान आमच्या एका क्लासखाली आहे, म्हणून गेले.

घरात नॅस होता. नॅस म्हणजे घरच्या वायफायला जोडलेला हार्ड डिस्कचा बॉक्स. त्यातलं घरातल्या कुठल्याही टीव्हीवर दिसतं. बॉक्स एका डिस्कचा, इरफाननं ऑनलाइन मागवलेला.

"चाचा, पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला का लावत नाही?" मी विचारलं.

"त्यानंच तर घात केला, ताई. आधी हार्ड डिस्क टीव्हीलाच लावली होती. टीव्हीनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. आमच्या घरातनं कुणीतरी रिमोटवर ओके दाबलं."

"कुणीतरी म्हणजे अब्बाच," इरफान म्हणाला.

"चश्मा नव्हता मला."

टीव्हीनं विचारलं होतं, डिस्क फॉरमॅट करू का. सगळं पुसलं गेलं. चाँदपाशांनी अडीच महिने बसून सगळ्या कॅसेट पुन्हा कॉपी केल्या. सुशीलाबाईंची कॅसेट कॉपी होऊन रिवाइंड होत असताना तुटली. त्या कॅसेटमधल्या उरलेल्या टेपला बुरशी होती. आता त्या लग्नाची एकच प्रत उरली होती, या बॉक्समधल्या एका डिस्कवर.

मी लॅपटॉप वायरनं बॉक्सला जोडला. व्हिडिओ नीट चालला. म्हणजे डिस्क ठीक होती. मग टीव्हीवर लावला आणि बॉक्सचा प्रोसेसर किती काम करतोय ते पाहिलं. शंभर टक्के. कॅसेटवरून आलेल्या फाइली जुन्या फॉरमॅटच्या होत्या. तो या टीव्हीला कळत नाही. त्यामुळे बॉक्स प्रत्येक दृश्य चालू असतानाच नव्या फॉरमॅटमध्ये बदलून टीव्हीला देत होता. ते त्याला झेपत नव्हतं.

"मी म्हणलंच होतं, मोठा घेऊ," इरफान म्हणाला. "चार डिस्कचा."

"डिस्क वाढल्या की जागा वाढते. बदलायचा वेग वाढत नाही."

नांदेडच्या डीलरला फोन केला.

"म्याडम, चार डिस्कचाच न्या. लई पॉवरफुल हाय."

"प्रोसेसर कुठला आहे?"

"ते बघून सांगतो." दोन मिनिटांनी तो म्हणाला, "दोनवाल्यात हाय तोच हाय."

जोरदार प्रोसेसरचा बॉक्स त्याच्याकडे नव्हता. हैदराबादहून यायला चार दिवस लागले असते. मी साध्या प्रोसेसरचा, दोन डिस्कचा बॉक्स सांगितला. त्यात एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही जातं. एक बिघडली तरी दुसरी राहते. फॉरमॅट बदलायचं काम बॉक्सकडून काढून घ्यायचं ठरवलं. क्लासमध्ये आम्ही रेकॉर्ड केलेल्या लेक्चरचं हेच करतो. आधी एकदा सगळं बदलून ठेवायचं, मग दाखवायचं.

शनिवारी क्लासमध्ये टेस्ट होती, कॉम्प्युटर लॅब रिकामी होती. क्लासच्या सरांची परवानगी घेतली. सुशीलाबाईंच्या गावातल्या नऊ लग्नांच्या फाइली सहा कॉम्प्युटरवर लावल्या. मूळ फाइली तशाच ठेवल्या. बॉक्स नांदेडहून एसटीनं दुपारी आला. चार वाजता सगळं त्यात भरलं. टीव्हीला फक्त वाचायची परवानगी दिली. आता रिमोटवर काहीही दाबलं तरी काही पुसलं जाणार नव्हतं.

साडेचारला व्हिडिओ लावला. अकराव्या मिनिटाला अडकला.

प्रोसेसर पाहिला. चार टक्के. बॉक्सचा दोष नव्हता.

राऊटर वरच्या मजल्यावर होता. तिथं कोचिंगच्या सात मुली भाड्यानं राहतात आणि लेक्चर बघतात. बॉक्स राऊटरजवळ, टीव्ही खालच्या हॉलमध्ये. जिना आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत वायफाय जवळजवळ संपत होतं. ती विटांची नव्हतीच. घर भूकंपानंतर बांधलेलं. चाँदपाशांनी इंजिनिअरनं सांगितल्यापेक्षा जास्त सळई घातली होती आणि तीन भिंती सबंध काँक्रीटच्या ओतल्या होत्या.

इरफान ड्रिल मशीन घेऊन आला. वायर भिंतीतून काढायची होती.

"ते ठेव खाली," चाँदपाशा म्हणाले.

"अब्बा, एवढंसं छिद्र."

"या घराला आजवर खिळा मारला न्हाई मी. कॅलेंडर बघ कुठं टांगलंय."

कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलेलं होतं. घड्याळ कपाटावर होतं.

"चाचा, छिद्र पाडायचं नाही," मी म्हणाले. "बॉक्सच खाली आणू."

"वरच ठेवतात ना पण? नेटजवळ?"

"नेटची गरज बॉक्सला नाही. टीव्हीची आहे."

इरफाननं दुकानातून एक जुना राऊटर आणला. बॉक्स टीव्हीच्या टेबलावर ठेवला. बॉक्स, राऊटर आणि टीव्ही हातभर वायरनं जोडले. वायफाय लागलंच नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ लावला. आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला. दोन तास सहा मिनिटं, एकदाही थांबला नाही.

"चार डिस्कचा घेतला असता तर?" इरफाननं विचारलं.

"तोही भिंतीपाशीच अडकला असता."

तेव्हापासून घरगुती बॉक्स निवडायचा असेल तर मी आधी टीव्ही कुठल्या फाइली वाचतो ते बघते, मग भिंत बघते. बॉक्सचा कॅटलॉग शेवटी उघडते.

रविवारी नऊऐवजी चौदा माणसं आली. चहा झाल्यावर व्हिडिओ लावला. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला मांडवाच्या दारात एक बाई दिसली. पदरानं तोंड झाकून ती कॅमेऱ्याला हातानं बाजूला व्हायला सांगत होती. मग पदर सुटला आणि ती हसली.

"माय हाय ती माझी," सुशीलाबाई म्हणाल्या. "मागं घ्या."

पाच वेळा मागं घेतलं.

"मला हाकलत होत्या," चाँदपाशा म्हणाले. "आधी जेवून घे म्हणल्या, मग काय ती शूटिंग कर."

"जेवलात का मग?" मी विचारलं.

"जेवलो की. त्यांच्याम्होरं कोण न्हाई म्हणणार?"

सुशीलाबाईंनी विचारलं, "हिचा फोटो निघंल का?"

पुढच्या पाऊण तासात वडील आणि भाऊ यांचीही दृश्यं सापडली. तिन्ही फोटो इरफाननं सोमवारी दुपारी दीड वाजता छापून दिले.