मुदपाकखान्याच्या दारातला हमाल

गुणवंत हिंगणे याने बाराव्या खेपेला ‘नको’ हे बटण दाबले आणि एका हमालाचा जीव धोक्यात आणला.

हमाल खोटा होता. एका जपानी व्हिडिओ गेममधला, आणि तो गेमही अजून बाजारात यायचा होता. गुणवंत मात्र खरा. वय चव्वेचाळीस, मूळचा पुण्याचा, मुक्काम टोकियोतल्या निशी-कसाईत, कामाचे ठिकाण तिथून मेट्रोने तिसऱ्या स्टेशनावर, किबाला. गेममधल्या चुका शोधणे हे त्याचे काम. बायको नयना तोयोसूत एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिच्या व्हिसावर तो ‘कुटुंबीय’ म्हणून राहतो, आणि कुटुंबीयाला आठवड्यात अठ्ठावीस तासच काम करता येते. पुण्यात एकोणीस वर्षे तो मार्केट यार्डाच्या फाटकावर कारकून होता. आत कोण जातो, बाहेर कोण येतो, कोणाकडे पास आहे, एवढेच त्याने एकोणीस वर्षे पाहिले. त्या अनुभवाचा टोकियोत काही उपयोग होईल असे त्याला स्वतःलाही वाटले नव्हते.

खेळाची सुरुवात जन्म निवडण्यापासून होते. सरदार, व्यापारी, पुजारी, सैनिक किंवा हमाल. जसा जन्म, तशी माणसे बोलतात, तशी दारे उघडतात, तशी कामे मिळतात. सरदाराला राक्षस मारायला बोलावतात. हमालाला कोणा म्हातारीचा हातमाग नदीपलीकडे पोचवायला सांगतात. बाकीच्या तपासनिसांनी सरदार आणि सैनिक आधीच पटकावले होते. सगळ्यांच्या मागून आलेल्या गुणवंतच्या वाट्याला हमाल आला, आणि सहा आठवड्यांत तो त्याला चांगलाच आवडू लागला. राक्षस काय, कोणीही मारतो. हातमाग न मोडता झुलत्या पुलावरून नेऊन दाखवा.

खेळाच्या मध्यावर एक सेनापती या हमालाला सरदारकी देऊ करतो. ‘हो’ म्हटले की अंगावर रेशीम, फाटकावर मुजरा, पुढची वाट मोकळी. तपासणीच्या यादीत ‘हो’ दाबा असेच लिहिलेले होते. गुणवंतने अकरा वेळा दाबले. बाराव्या वेळी, मंगळवारी, त्याच्या हमालाच्या पाठीवर मिठाचे पोते होते. एका आंधळ्या कोळणीचे. तिच्या घरी पोचवतो म्हणून त्याने कबूल केले होते. ‘हो’ म्हटले की पोते आपोआप नाहीसे होते, हे गुणवंतने अकरा वेळा पाहिले होते. सरदार ओझे वाहत नाहीत. या वेळी त्याचे बोट ‘नको’कडे गेले.

आणि खेळ अडला. राणीला भेटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, राणी किल्ल्यात, आणि मोठ्या फाटकातून हमालाला मज्जाव. गुणवंत किल्ल्याला वळसा घालून मागे गेला. मुदपाकखान्याच्या दाराशी, पाठीवर मिठाचे पोते घेऊन, तो उभा राहिला. तिथेही पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. “हलक्या लोकांना आत सोडत नाही.”

गुणवंतला हसू आले. मिठाचे पोते, मुदपाकखाना, आणि हा बाबा भाला आडवा धरतोय. फाटकावरच्या एकोणीस वर्षांत त्याने शेठना अडवले होते, एकदा तर समितीच्या सभापतींच्या मेहुण्यालाही अडवले होते. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला पास विचारल्याचे त्याला आठवत नव्हते. त्याला विचारायचे म्हणजे आधी पोते उतरवायला लावायचे, आणि मग ते परत चढवायला हात कोण देणार?

त्याने तक्रार नोंदवली. क्रमांक तेहतीसशे अठरा. खाली सूचना लिहिली: ओझेवाल्याला मागच्या दाराशी कोणी अडवत नाही, सोडावे.

तपासनीस चौथ्या मजल्यावर बसतात, खेळ रचणारे सातव्यावर. वरून मोरिवाकी-सानचे उत्तर आले, दोनच शब्दांचे. “शियो देस.” म्हणजे रचनाच तशी आहे, ही चूक नव्हे. गुणवंतने तक्रार पुन्हा उघडली. बुधवारी दुसरे उत्तर आले, ते लांबलचक होते. ‘तुमच्या देशात अडवत नसतील. आमच्या खेळाडूंना हे पटणार नाही. अनोळखी माणसाला पहारेकरी आत कसा सोडेल? वेगळी वाट रचायला वेळ नाही. हमालाचा खेळ असा अडत असेल, तर हा जन्मच काढून टाकावा असा प्रस्ताव उद्या चारच्या बैठकीत ठेवत आहे. चूक शोधल्याबद्दल आभारी आहे.’

आभार मानलेले पाहून गुणवंतला जास्तच लागले. रोग त्याने शोधला, आणि औषध म्हणून रोगीच मारायचा?

“मी वर जाऊन बोलू का?” त्याने किकुची-सानला विचारले. किकुची-सान म्हणजे तपासनिसांची प्रमुख, पस्तिशीची, घड्याळासारखी बाई. गुणवंतचे तास संपले की ती बरोबर तीनला त्याच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहायची.

“तुमचं कार्ड वर चालत नाही,” ती म्हणाली. टोमणा नव्हता, माहिती होती.

त्या संध्याकाळी नयना बूट काढता काढताच म्हणाली, “काय रे, पोचला का तुझा हमाल?” खेळाचे नाव घरी सांगायला बंदी होती. हमालावर बंदी नव्हती.

“दारातच आहे. उद्या मारणार त्याला.”

“कोण?”

“सातवा मजला. ओझेवाल्याला दारात कोणी अडवत नाही, हे म्हणे जपानात पटणार नाही.”

“त्यांना म्हणावं, आमच्या खालच्या ओत्सुका आजींना विचारा. दाराला कोड आहे ना? तू दहा किलो कणकेची पिशवी घेऊन आलास की त्या धावत येऊन दार धरतात. पहिल्या आठवड्यात तर आपण इथे राहतो हेही त्यांना माहीत नव्हतं. तरी धरलंच की!”

अकरा वर्षांची चैत्राली वहीतून मान न उचलता जपानीत काहीतरी म्हणाली.

“मराठीत,” नयना म्हणाली.

“बाबा कोड विसरतो,” तिने मराठीत सांगितले. “म्हणून तो पिशवी घेऊनच येतो.”

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत गुणवंत तिच्याकडे पाहत राहिला.

गुरुवारी अडीच वाजता चौथ्या मजल्याच्या लिफ्टपाशी छपाईच्या कागदांची खोकी येऊन पडली होती. एकेक दहा किलोचे. गुणवंतने दोन उचलली, एकावर एक. हनुवटी वरच्या खोक्यावर टेकली, तोंड निम्मे झाकले. सातव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. समोर काचेचे दार, शेजारी कार्डाची पेटी. आतून एक पोरगेलासा इसम बाहेर येत होता. त्याने खोकी पाहिली, पायाने दार अडवून धरले आणि वर दिलगिरीही व्यक्त केली. गुणवंत आत गेला. पुढे आणखी एक दार. तिथे एक बाई हातातला चहाचा पेला टेबलावर ठेवून धावली, आपले कार्ड तिने टेकवले, दार उघडले, म्हणाली, “गोकुरोसामा देस.” सामान पोचवणाऱ्याला, झाडलोट करणाऱ्याला इथे असेच म्हणतात: कष्ट घेतलेत हो.

मोरिवाकी-सानचे मेज खिडकीपाशी होते. गुणवंत जाऊन उभा राहिला. “कागद. कुठे ठेवू?”

“प्रिंटरखाली,” मोरिवाकी-सान पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “गोकुरोसामा.”

गुणवंतने खोकी ठेवली, कंबर सरळ केली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. “मी चौथ्या मजल्यावरचा हिंगणे. तक्रार तेहतीसशे अठरा.”

मोरिवाकी-सानांनी आता मात्र मान वर केली. आधी गुणवंतकडे, मग खोक्यांकडे, मग दाराकडे पाहिले. “तुमचं कार्ड इथे चालतं?”

“नाही.”

“किती दारं लागली?”

“दोन. आणि तिसरं तुम्ही.”

चहाच्या पेल्यावाली बाई खो-खो हसली आणि लगेच तोंडावर हात धरून खाली बसली. मोरिवाकी-सान हसले नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी ओढली, तिच्यावर काहीतरी लिहिले आणि फोन उचलून किकुची-सानला वर बोलावले. ती आली तेव्हा तिचा चेहरा त्या कागदांसारखा पांढरा झाला होता. गुणवंतला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्यावर ती एकच वाक्य बोलली. “तीन वाजले. घरी जा.”

बैठक चारला होती. तेव्हा तो घरी भांडी घासत होता. शुक्रवार त्याच्या तासांत बसत नव्हता. शनिवार-रविवार सुट्टी. तीन दिवसांत त्याने घरातला प्रत्येक डबा घासला. “हमाल गेला तर गेला,” नयना म्हणाली, “तू राहिलास तरी पुरे.” तिचे म्हणणे बरोबर होते, म्हणून त्याला ते पटले नाही.

सोमवारी त्याच्या मेजावर दोन गोष्टी होत्या. एक कोरा कागद, माफीनाम्यासाठी. आणि खेळाची नवी आवृत्ती.

“आधी माफीनामा,” किकुची-सान म्हणाली. “स्वतःच्या अक्षरात. काय झालं, का झालं, पुन्हा काय करणार नाही.”

त्याने तासभर खपून लिहिले की तो विनापरवाना सातव्या मजल्यावर गेला, आणि यापुढे खोकी घेऊन किंवा न घेता जाणार नाही. किकुची-सानने दोन अक्षरे सुधारली आणि कागद ठेवून घेतला. “सातव्या मजल्यावर आज पाटी लागली,” ती म्हणाली. “सामान आणणाऱ्यांनीही कार्ड दाखवावे.”

“आणि बैठकीत?”

“तपासा ना. तुमचं काम आहे ते.”

हमाल जन्मांच्या यादीत होता. गुणवंतने खेळ मागे साठवलेल्या जागेपासून सुरू केला. सेनापती आला, सरदारकी देऊ केली. ‘नको.’ किल्ल्याला वळसा, मुदपाकखान्याचे दार, पाठीवर मिठाचे पोते. पहारेकऱ्याने हमालाला पाहिले, भाला भिंतीला टेकवला, पायाने दार अडवून धरले आणि म्हणाला, “गोकुरोसामा.”

गुणवंत मोठ्याने हसला. आजूबाजूच्या चार सरदारांनी आणि दोन सैनिकांनी माना वळवल्या. मग शिस्तीत त्याने पोते खाली ठेवून तेच दार पुन्हा तपासले. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. हेही बरोबर. दोन्ही खुणा केल्या, पोते उचलले, आत गेला. राणी भेटली, फर्मान मिळाले. आता बाण उत्तरेला दाखवत होता, राक्षसाच्या गुहेकडे. गुणवंतने हमालाला दक्षिणेकडे वळवले.

“गुणवंत-सान.” किकुची-सान खुर्चीशेजारी उभी होती. “तीन वाजले.”

“पाच मिनिटं. मीठ पोचवायचंय. सहा दिवस झाले.”

“तुमचे तास संपले,” ती म्हणाली. गुणवंत उठला. नियम तो नियम. फाटकावर त्याने आयुष्य काढले होते.

त्याने पिशवी खांद्याला लावली तोवर किकुची-सान त्याच्या खुर्चीत बसली होती. तिने बाह्या मागे सारल्या.

“माझे संपले नाहीत,” ती म्हणाली. “कोळणीचं घर कुठे आहे?”

“पुलावरून डावीकडे. सावकाश चला, पूल झुलतो.”