थंड खाल्लेला डबा

आमचा कॅम्प वडशाच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला होता. मी हवालदार, सेक्शन कमांडर. पाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन मोर्चात उभं राहायचं; सहाला रोड ओपनिंग, म्हणजे रस्त्यात सुरुंग शोधायचे; दुपारी शस्त्रसफाई. लांबच्या गस्तीवर हवाबंद टिनच्या डब्यांचं रेशन.

त्या हिवाळ्यात दोन दिवसांची गस्त होती. आग पेटवायची नाही, हा हुकूम माझाच. धूर दिसला की नक्षलवाद्यांना ठिकाण कळतं. पहिल्या दुपारी बाराला डबे थंडच उघडले. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा नाईक सलीम चंद्रपूरचा, शिंप्याचा मुलगा. त्याच्या मासळीच्या डब्याचं झाकण फुगलं होतं. सुरी लावताच फस्स आवाज झाला.

"वास?" मी विचारलं.

"काई नाई, उस्ताद. चांगला आहे."

त्याने डबा संपवला. त्यातले दोन घास त्याचा नंबर टू, म्हणजे एलएमजीवरचा जोडीदार, मेश्राम याने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सलीमची जीभ जड झाली होती.

"उस्ताद, मले झाडं दोन-दोन दिसून राह्यली."

ताप नव्हता. शुद्ध पक्की होती. फक्त पापण्या खाली येत होत्या. मी गस्त परत फिरवली.

आठ वीसला नाल्यात नक्षलवाद्यांचा ॲम्बुश लागला. पुढे चालणाऱ्या शिपाई उईकेच्या गळ्यात गोळी घुसली. तो पाण्यात पडला. पाणी लाल झालं.

"सलीम, फायर!" त्याने आवाजाच्या रोखाने दोन मॅगझिन मारली, गोळ्या भलतीकडे गेल्या.

"कुठी?"

मेश्रामने तापलेली बॅरल हातानेच धरून वळवली. त्याच्या तळव्याची कातडी तिला चिकटली. "इकडे, भाऊ! इकडे!" सलीमने डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरली आणि उजव्या हाताने आणखी तीन मॅगझिन रिकामी केली. बांबूमागचे दोघे कोसळले. बाकीचे पळाले. सलीमला धाप लागली होती आणि मेश्रामलाही आता दोन-दोन दिसत होतं.

मी वायरलेस सेटवर बोललो. "चार्ली टू बेस. एक शहीद. दोन आजारी, एकाला श्वास जमत नाही. गाडी पाठवा. ओव्हर."

"रस्त्यात सुरुंग आहे. पायी आणा. ओव्हर."

स्ट्रेचर उचललं. वाटेत दोनदा फायर आलं, आम्ही झोपून उत्तर दिलं. सलीमची मान लटकली. थुंकी गिळता येईना. मग हात गेले, पाय गेले. ऐकू मात्र येत होतं. नाव घेतलं की बुबुळं हलायची. छाती थांबल्यावर मी तोंडाने श्वास देत राहिलो. एक वाजून दहा मिनिटांनी नाडी थांबली.

मेश्रामला नागपूरला नेलं. तिथे विषावरचं औषध टोचलं, कित्येक आठवडे श्वासाच्या मशीनवर ठेवलं. तो वाचला.

डॉक्टरांनी मला समोर बसवलं. "याला बॉट्युलिझम म्हणतात. हवाबंद डब्यात जंतू विष तयार करतात. वास येईलच असं नाही. विष नसा बंद पाडतं. आधी डोळे, मग घसा, शेवटी श्वास. औषध लवकर मिळालं तर पुढचं थांबतं, गेलेलं लगेच परत येत नाही. फुगलेला डबा चाखूनही बघायचा नाही, फेकायचा."

"उकळला असता तर?"

"दहा मिनिटं नीट उकळलं की विष निकामी होतं. पण फुगलेल्याची जोखीम तरी कशाला?"



चंद्रपूरला सलीमच्या घरी गेलो. वडील शिलाई मशीनवरून उठले.

"गोळी कुठी लागली त्याले?"

"गोळी नाही लागली, चाचा. डबा खराब होता. आग लावू नका, हे मीच सांगितलं होतं."

त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"लढला का?"

"शेवटपर्यंत."

"मग बाकी पोराईले हे सांगत जा, भाऊ. लपवू नको."

शिपाई उईके. नाईक सलीम. नव्या पोरांना डब्याची गोष्ट सांगताना दोघांची नावं मी एकाच दमात घेतो.