पातेल्यातली खरवड

रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी तरंगतात, हे माझ्या हातांना इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत मी त्यांना नॅनोकण खाऊ घालते. कणांच्या पोटात आरएनएचा एक इवलासा तुकडा असतो. पेशी ज्या जनुकाच्या जोरावर माजते, त्याला तो गप्प करतो. हाडातल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, मात्र याच पेशी चिकटून बसतात. म्हणून या वेळी मी प्लेटच्या तळाला प्रथिनाचा लेप दिला, पेशी चिकटू दिल्या आणि मग कण सोडले. तपासलं, तर जनुक पार गप्प! त्या आनंदात रविवारी कोडोलीला घरी गेले.

बाबा दुधाचं पातेलं उलथन्यानं खरवडत बसले होते. खरवड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनाही हाच कॅन्सर. औषधांनी रक्त स्वच्छ झालेलं. डॉक्टर म्हणत होते, मगज तपासू. बाबा टाळत होते. "रक्तात कायबी न्हाय म्हंत्यात, मग हाडात सुई कशाला?" मीही आग्रह केला नाही. खरं सांगते, मला रिपोर्टचीच भीती वाटत होती.

मी प्रयोग सांगितला. त्यांनी नीट ऐकलं.

"तपासायला पेशी काढल्यास कशा?"

"नळीनं. वरचं पाणी ओढून घेतलं."

"आन् खरवड?"

"कसली खरवड?"

"अगं, तूच चिकटवलीस की! वरचं दूध वतून घेतलंस आन् पातेलं टाकलंस घासायला, व्हय?"

हात्तिच्या! माझे कान लाल झाले. लेप देणारी मीच, आणि सवयीनं तरंगणाऱ्या तेवढ्याच तपासल्या होत्या.

सोमवारी प्रयोग पुन्हा लावला. तळाच्या पेशी सोडवून वेगळ्या तपासल्या. तेच कण, तेवढाच डोस, पण यांच्यात जनुक जेमतेम दबलं होतं. कण आत शिरलेच नाहीत, की शिरूनही काही चाललं नाही? नुसतं चिकटल्यानं पेशीत असं काय बदलतं? अजून कळलेलं नाही, आणि त्या प्रश्नानं मला पछाडलंय.

बाबांना फोन केला. "तुमचं खरं निघालं. खरवड शिल्लक होती."

ते म्हणाले, "तर मग माझीबी खरवड बघा म्हनाव डॉक्टरास्नी. तू येशील न्हवं संगट?"

"येतो की," मी घरच्या बोलीत म्हणाले, आणि फोन ठेवून रडले.