खालच्या ओळीतलं नाव

माझ्या मामाने आयुष्यात चार ओळी लिहिल्या नाहीत, पण प्रकाशक म्हणून त्याचं नाव जितकं छापलं गेलं तितकं आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचं छापलं गेलं नसेल. सगळं माझ्यामुळे.

वर्ध्याला, नालवाडीकडे जाताना, माझा छोटासा छापखाना आहे. एरवी लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची, आणि निवडणुका लागल्या की पत्रकं. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकाखाली एक बारीक ओळ घालावी लागते: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, प्रती किती. शिवाय हे पत्रक मीच छापून घेतो आहे, असं प्रकाशकाने लिहून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या, आणि तो कागद पत्रकासोबत निवडणूक कार्यालयात जमा करायचा. कुणी चिखल फेकला तर हात कुणाचा ते कळावं, एवढंच कायद्याचं म्हणणं. पण पत्रक काढणाऱ्याला नेमकं तेच नको असतं. "माझं नाव नका टाकू, दुसऱ्या कुणाचं टाका," असं म्हणून तो मोकळा होतो. निवडणुकीच्या घाईत दुसरा कोण शोधणार? मी मामाला धरलं.

मामा रोज सकाळी वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन बाजारात यायचा आणि माल विकला की माझ्याकडे चहाला बसायचा. पहिल्यांदा सही मागितली तेव्हा त्याने नवीन पेन मागितला. पत्रक हातात आल्यावर चष्मा लावून ती खालची ओळ तेवढी वाचली आणि म्हणाला, "मेल्याबिगर आमचं नाव छापते कोन, बाई? तू छापलं." मग हे सुरूच झालं. या पॅनलचा प्रकाशक तोच आणि त्या पॅनलचाही तोच. शेजारचा चहावाला आणि झेरॉक्सवाला साक्षीदार म्हणून डोळे झाकून सह्या करायचे. "कामापुरता मामा म्हणतेत ते हेच," असं चहावाला चिडवायचा, मामाही हसायचा. प्रत्येक पत्रकाची एक प्रत तो घडी घालून घरच्या पेटीत ठेवायचा. पुढे पुढे मी त्याच्या सह्या केलेले कोरे फॉर्मच ड्रॉवरमध्ये ठेवू लागले. रोज कुठे विचारत बसायचं?

मामाच्या गावची ग्रामपंचायत लागली. त्याच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एका विधवा बाईचं शेत होतं. नवरा गेल्यावर तिने स्वतः शेती उभी केली होती. मामाला ती राखी बांधायची. ती सरपंचपदाला उभी राहिली. मतदानाला तीन दिवस असताना गाडीतून एक माणूस आला आणि हाताने लिहिलेला मजकूर टेबलावर ठेवून म्हणाला, "प्रकाशक तुम्हीच पाहून घ्या."

मी मजकूर वाचला नव्हता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. वाचला होता. नवरा गेल्यावर ती बाई कुणाकुणाच्या मोटारसायकलवर बसली, कुठे उतरली, असलं सगळं त्यात होतं. ती बाई कोण, हेही मला माहीत होतं. मी मजकूर कंपोज केला, ड्रॉवरमधला फॉर्म काढला, मामाचं नाव खाली टाकलं. दोन ओळखीच्यांच्या सह्या झाल्या. नियमाप्रमाणे एक प्रत कार्यालयात देऊन त्यांचा शिक्कासुद्धा घेतला. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. मला स्वतःची आजही शिसारी येते.

पत्रक घेऊन ती बाई मामाच्या दारात गेली. खालच्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. हे मला मामीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा आला तो भाजी न घेताच. "हे का करून ठेवलं तू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मामा, तिने तक्रार केली आहे, आपल्याला बोलावतील. फॉर्म कोरा होता असं सांगितलंस तर माझ्या छापखान्याला कुलूप लागेल. दोन पोरी शिकताहेत माझ्या." त्याने चहा घेतला नाही.

निवडणूक कार्यालयातल्या साहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. सही तुमचीच का, असं विचारलं. मामा हो म्हणाला. मजकूर कोणी दिला? मामाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पत्रकाकडे पाहत राहिले.

"म्याच देला," मामा म्हणाला.

माझं नाव त्याच ओळीत मुद्रक म्हणून होतं, पण त्याकडे कुणी पाहिलं नाही. छापणारी बिचारी काय करणार, असं लोक म्हणाले. मामाला मात्र कोर्टाच्या तारखा लागल्या. बाई निवडणूक हरली. धुरा सरकवायचा होता म्हणून म्हाताऱ्याने हे केलं, असं गाव बोलू लागलं. राखी बंद झाली. मामाने पेटीतली सगळी पत्रकं चुलीत घातली आणि माझ्या दुकानावरून जाणं सोडलं. बाजारातून लांबचा रस्ता धरून तो घरी जायचा.

यंदा तो आला. त्याच्या नातीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेत टाकायच्या नावांचा कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. मामी, मुलगा, सून, काका, आत्या, सगळे होते. आजोबांची जागा रिकामी होती.

"मामा, तुझं नाव राहिलं."

"राहू दे. नको टाकजो."

"काऊन पण?" रडू यायला लागलं की मीही गावाकडचं बोलते.

"पोरगी त्या बाईच्या आंगनात खेळून मोठी झाली. तिले पत्रिका द्या लागते. माह्यं नाव असलं तर बाई तो कागद घरात नाई घेनार."

मी त्याच्या पायाशी वाकले. साहेबांकडे जाऊन सगळं खरं सांगते, असं म्हणाले. "आता कोनाले सांगतं?" तो म्हणाला, आणि पत्रिका सोमवारपर्यंत पाहिजे म्हणून सांगितलं.

मी आजोबांशिवाय पत्रिका छापली. मामीने नंतर कळवलं की बाईने पत्रिका हळदकुंकू लावून घेतली, देवापुढे ठेवली. पत्रिकेच्या खालच्या ओळीत, नेहमीप्रमाणे, मुद्रक म्हणून माझं नाव आहे.